पुण्यातील एका खासगी रुग्णालयाचा मेंदू-शल्यविभाग : आमचा अनुभव

न्हाणीघरात घसरून डोक्याला लागलेला किरकोळ मार वडील आणि आम्ही विसरूनही गेलो होतो; पण तीन आठवड्यांनी चालता चालता त्यांच्या डाव्या पायातली चप्पल निसटू लागली आणि त्याचे त्यांना भानही राहीना, तेव्हा आम्ही या रुग्णालयात गेलो. सीटी स्कॅनमध्ये ड्युरा मेटर हे मेंदूचे बाहेरचे जाड आवरण आणि त्याखालचे अरॅक्नॉइड यांच्या मध्ये जुने रक्त साचलेले दिसले. उतारवयात मेंदू आक्रसतो, त्यामुळे तिथल्या बारीक शिरा ताणल्या जाऊन क्षुल्लक धक्क्यानेही फाटतात, त्यातून वडिलांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू, हे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. कवटीला दोन छिद्रे पाडून रक्त काढले. इंजिन ऑइलसारखा काळपट द्रव नळीवाटे पिशवीत पुढे दोन दिवस येत होता. नळी कशाला, या माझ्या (काहीशा उद्धट) प्रश्नालाही शांतपणे उत्तर मिळाले : २००९ साली प्रसिद्ध झालेल्या केंब्रिजच्या चाचणीत नळी ठेवल्याने पुन्हा रक्त काढावे लागण्याचे प्रमाण २४ टक्क्यांवरून सुमारे ९ टक्क्यांवर आले होते.

तक्रार आहे ती कारभाराविषयी. बिलाच्या खिडकीपाशी पाच तास गेले, आणि रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा केव्हा सुरू करायची, ही सर्वांत नाजूक सूचनाच डिस्चार्ज कार्डावर नव्हती. त्यासाठी तीनदा फोन करावा लागला. शस्त्रक्रियेला पाचपैकी पाच, कार्यालयाला दोन.