लिमिटेड की फुल, स्वतः की टीपीएमार्फत: अमेरिकेतील ट्रकचालकांच्या नोंदींची वार्षिक तपासणी अडते तेव्हा काय निवडावे

अमेरिकेत दहा-वीस ट्रकची कंपनी चालवणाऱ्याला, आणि अशा कंपन्यांचे सेफ्टीचे काम पुण्यात रात्रपाळीला बसून सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यांना, दरवर्षी एक प्रश्न सोडवावा लागतो. चालकांच्या अमली पदार्थ व मद्यविषयक नोंदींची वार्षिक तपासणी लिमिटेड क्वेरीने, म्हणजे सरकारी नोंदवहीत नोंद आहे की नाही एवढेच विचारून करावी, की तपशील दाखवणाऱ्या फुल क्वेरीने, आणि ती स्वतः करावी की त्रयस्थ प्रशासकाकडे, म्हणजे टीपीएकडे सोपवावी, हा तो प्रश्न. पहिली चौकशी बहुधा खर्चाची होते. परंतु दोन्ही प्रकारच्या क्वेरीला सरकारी शुल्क सारखेच, म्हणजे प्रत्येकी १.२५ डॉलर आहे, त्यामुळे त्यावरून निवड करण्यात अर्थ नाही. आपल्याकडे तपासणी नेमकी कुठे अडते हे ओळखून निवड केली तर वर्षभराचा त्रास वाचतो, असा माझा अनुभव आहे.

ज्या नोंदवहीत ही तपासणी होते ते क्लिअरिंगहाऊस ६ जानेवारी २०२० पासून सुरू आहे आणि ते एफएमसीएसए या, ट्रक-बसच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या अखत्यारीत चालते. पॉझिटिव्ह आलेली अमली पदार्थांची चाचणी, मद्याच्या चाचणीत ०.०४ किंवा त्याहून अधिक आलेले प्रमाण, चाचणीला दिलेला नकार, तसेच नियमभंगाची मालकाला झालेली प्रत्यक्ष माहिती, हे सारे तेथे नोंदले जाते. तपासणी लागू होते ती सीडीएल, म्हणजे व्यावसायिक वाहनचालकाचा परवाना, किंवा त्याचा शिकाऊ परवाना धारण करून त्या वर्गाची वाहने चालवणाऱ्यांना: २६,००१ पौंड वा त्याहून अधिक वजनक्षमतेची, चालकासह १६ किंवा अधिक माणसे नेण्यासाठी बनवलेली, अथवा धोक्याचे फलक लावणे बंधनकारक असलेला माल वाहणारी. हे आधीच सांगण्याचे कारण असे की ‘क्वेरी जातच नाही’ अशा काही तक्रारींच्या मुळाशी लहान बॉक्स ट्रक चालवणारा, साधा परवाना असलेला माणूस निघतो. त्याला ही तपासणी लागूच नाही, म्हणून त्याच्यासाठी पर्याय तोलण्याचीही गरज नाही.

नोकरीवर घेताना मात्र निवडीला वाव नाही. तेथे फुल क्वेरीच करावी लागते आणि तिचा निकाल हाती येईपर्यंत चालकाला गाडीवर पाठवता येत नाही. ६ जानेवारी २०२३ पासून एफएमसीएसएच्या कक्षेतील पूर्वीच्या मालकांना या बाबतीत स्वतंत्रपणे विचारण्याची गरज उरलेली नाही, कारण मागील तीन वर्षांच्या नोंदी याच क्वेरीतून मिळतात. तथापि चालकाने आधी रेल्वे, विमान वाहतूक किंवा सार्वजनिक परिवहन अशा परिवहन खात्याच्या अन्य शाखांखालील सुरक्षाविषयक काम केले असेल, तर त्या मालकांकडे पूर्वीप्रमाणेच चौकशी करावी लागते. दोन्ही वाटा खुल्या राहतात त्या फक्त सेवेत असलेल्या चालकांच्या वार्षिक तपासणीत.

लिमिटेड क्वेरी एवढेच सांगते की या चालकाविषयी क्लिअरिंगहाऊसमध्ये नोंद आहे किंवा नाही. तपशील ती दाखवत नाही. तिच्यासाठी लागणारी संमती क्लिअरिंगहाऊसच्या बाहेर, कागदावर घेतली तरी चालते, आणि त्या कागदावर मुदत स्पष्ट लिहिली असेल, उदाहरणार्थ ‘नोकरीत असेपर्यंत’, तर तीच संमती अनेक वर्षे उपयोगी पडते. चालकाने क्लिअरिंगहाऊसमध्ये स्वतःचे खाते उघडलेले नसले तरी लिमिटेड क्वेरी होऊ शकते. म्हणजे ही तपासणी तुमच्या टेबलावर सुरू होते, तेथेच संपते आणि अडली तरी तेथेच अडते.

अडण्याची दोन कारणे मी पुन्हा पुन्हा पाहतो. पहिले म्हणजे संमतीचा कागद सापडत नाही, किंवा सापडला तर त्यावरची मुदत संपलेली असते. शेवटच्या क्वेरीपासून तीन वर्षे तो कागद जपून ठेवावा लागतो, आणि ऑडिटच्या वेळी क्वेरीच्या निकालाबरोबर तोही मागितला जातो. दुसरे कारण तपशिलाचे आहे आणि ते अधिक फसवे आहे. अनेक चालकांची यादी एकदम चढवायची झाल्यास ती टॅबने विभागलेल्या टेक्स्ट फाइलमध्ये द्यावी लागते, आणि ती फाइल बहुतेक ठिकाणी एक्सेलमध्ये तयार होते. टेक्सासचा परवाना क्रमांक आठ आकडी असतो आणि तो शून्याने सुरू होऊ शकतो. तो एक्सेलच्या साध्या रकान्यात टाकला की एक्सेल त्याला संख्या समजून पुढचे शून्य गाळते, आठाचे सात आकडे होतात आणि पडद्यावर काहीच चुकल्यासारखे दिसत नाही. रकाना आधी ‘टेक्स्ट’ प्रकाराचा करून मगच क्रमांक भरणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

पुण्या-मुंबईतून काम करणाऱ्यांसाठी तारखेचा सापळा तर वेगळाच आहे. आपल्या हाताला आधी दिवस आणि मग महिना लिहिण्याची सवय आहे, तर तेथे आधी महिना लागतो. जन्मतारीख २५ मे असेल तर चूक लगेच लक्षात येते, कारण पंचविसावा महिना नसतो. मात्र ४ जुलै ही तारीख ०४/०७ अशी भरली गेली तर ती ७ एप्रिल म्हणून बिनबोभाट पुढे जाते. माझ्या हातून सुरुवातीच्या काळात अशा दोन जन्मतारखा उलट्या भरल्या गेल्या होत्या, आणि त्या सापडल्या त्या परवान्याची छायाप्रत शेजारी ठेवून एकेक ओळ वाचल्यावरच. परवान्याशी न जुळणाऱ्या तपशिलावर आलेला ‘नोंद नाही’ हा निकाल त्या चालकाचा पुरावा मानता येत नाही, म्हणून पंधरा मिनिटांचे ते वाचन टाळू नये. नाव, आडनाव, परवाना देणारे राज्य आणि क्रमांक हे सारे कार्डावर जसे आहे तसेच भरावे. अर्जावरून, पगारपत्रकावरून किंवा डिस्पॅचरच्या, म्हणजे गाड्यांच्या फेऱ्या ठरवणाऱ्याच्या, तोंडी माहितीवरून भरू नये.

फुल क्वेरीचे स्वरूप याच्या उलट आहे. ती नोंदींचा तपशील आणि चालकाची सद्यस्थिती दाखवते, परंतु तिच्यासाठी चालकाने क्लिअरिंगहाऊसमधील स्वतःच्या खात्यातून, प्रत्येक वेळी स्वतंत्र, इलेक्ट्रॉनिक संमती द्यावी लागते. कागदावरची सही येथे चालत नाही. त्यामुळे तपासणीचा कासरा चालकाच्या हातात जातो. त्याने खातेच उघडलेले नसते, किंवा उघडले तेव्हा दिलेला ईमेल आता तो वापरत नाही, किंवा खात्यात शिरण्यासाठीच्या लॉगिन डॉट गव्ह या सरकारी सेवेचा पडताळणी कोड जुन्या फोन क्रमांकावर जातो. संपर्कासाठी त्याने टपालाचा पर्याय निवडला असेल तर सूचना घरच्या पेटीत पडून राहते आणि तो चार राज्ये ओलांडून दुसरीकडे असतो. याखेरीज एक अडचण दोन्ही बाजूंना बुचकळ्यात टाकते: कंपनीला ‘संमती प्रलंबित’ दिसते आणि चालक शपथेवर सांगतो की त्याच्या खात्यात कोणतीही विनंती आलेली नाही. अशा वेळी दोघेही खरे बोलत असतात. चालकाने राज्य बदलून नवा परवाना घेतलेला असतो, खात्यात मात्र जुनाच क्रमांक असतो. किंवा कंपनीने एक आकडा चुकवलेला असतो. चालकाच्या खात्यातील परवान्याचा तपशील आणि कंपनीने भरलेला तपशील फोनवर एकमेकांना वाचून दाखवला की गाठ बहुधा सुटते.

चालकाने संमती नाकारली तर मात्र वाद घालण्यासारखे काही उरत नाही. संमती मिळेपर्यंत त्याला सुरक्षाविषयक कामावर ठेवता येत नाही, मग कारण कोणतेही असो.

लिमिटेड क्वेरी सोपी वाटते ती ‘नोंद आढळली’ असा निकाल येईपर्यंत. तो आला की २४ तासांच्या आत फुल क्वेरी करावी लागते. ती झाली नाही तर, तिचा निकाल हाती येऊन मनाई नसल्याची खात्री होईपर्यंत चालकाला गाडीवरून उतरवावे लागते. येथे लिमिटेडची सारी सोय संपते आणि फुल क्वेरीच्या सगळ्या अडचणी एका दिवसात समोर येतात. शुक्रवारी संध्याकाळी, अमेरिकेत सगळे घरी निघालेले असताना आणि आमच्याकडे शनिवारची पहाट उजाडत असताना यादी चढवण्याची चूक म्हणूनच करू नये. मी वार्षिक यादी मंगळवारी त्यांच्या सकाळी पाठवतो, आणि त्या दिवशी कोणता चालक कोठे आहे हे डिस्पॅचरकडून आधीच लिहून घेतो. माल भरलेला ट्रक वाटेत उभा ठेवून चालकाला पासवर्ड बदलायला लावणे हे त्याच्यासाठी अपमानास्पद असते, विशेषतः त्याची काही चूक नसताना.

चूक नसण्याची शक्यता खरोखरच असते, आणि हा मुद्दा अनेक मालक विसरतात. ‘नोंद आढळली’ याचा अर्थ चालकाला मनाई आहे असा होत नाही. नियमभंगानंतर मान्यताप्राप्त व्यसनतज्ज्ञाकडून मूल्यमापन, सांगितलेले शिक्षण किंवा उपचार, पुन्हा मूल्यमापन आणि कामावर परतण्यापूर्वीची निगेटिव्ह चाचणी, एवढे पार पाडलेला माणूस कायदेशीररीत्या ट्रक चालवू शकतो. त्यानंतरच्या पहिल्या १२ महिन्यांत त्याच्या किमान सहा पूर्वसूचनेशिवाय होणाऱ्या चाचण्या असतात, आणि त्याची नोंद पाच वर्षे किंवा ही सारी प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोवर राहते. अशा चालकाची लिमिटेड क्वेरी दरवर्षी ‘नोंद आढळली’ असेच म्हणणार हे ठरलेले असते. मग दरवर्षी त्याला २४ तासांच्या धावपळीत ढकलण्यात काय अर्थ आहे? त्याच्यासाठी सरळ फुल क्वेरी करावी, तीही त्याच्याशी बोलून, तो घरी असेल असा दिवस ठरवून. स्वतःला सावरून परत आलेल्या माणसाला एवढा मान देणे कंपनीला मुळीच जड नाही.

आता दुसरा प्रश्न, स्वतः करावे की टीपीएकडे द्यावे. स्वतःच्या नावावर वाहतुकीची परवानगी घेऊन एकटाच गाडी चालवणाऱ्या मालक-चालकाला हा प्रश्न नाहीच, कारण त्याने क्लिअरिंगहाऊसमध्ये टीपीए नेमणे बंधनकारक आहे. बाकीच्यांसाठी तो ऐच्छिक आहे. टीपीएची बाजू भक्कम ठरते ती संख्येवर: पन्नास-साठ चालक, वर्षभर चालणारी भरती आणि दर १२ महिन्यांच्या तारखा सांभाळणे हे काम त्यांच्याकडे व्यवस्थित होते, आणि यादृच्छिक चाचण्यांचे कामही तेच पाहत असतील तर सगळे एका छताखाली येते. त्यासाठी सरकारी शुल्काव्यतिरिक्त त्यांचे स्वतःचे शुल्क द्यावे लागते.

तथापि तीन गोष्टी टीपीएकडे जात नाहीत. क्वेरींचा प्लॅन, म्हणजे आगाऊ पैसे भरून घेतलेला क्वेरींचा साठा, फक्त मालकच विकत घेऊ शकतो. क्लिअरिंगहाऊसमधील स्वतःच्या खात्यातून टीपीएची नेमणूक मालकालाच करावी लागते, नुसत्या करारावर भागत नाही. आणि क्वेरी वेळेवर न झाल्यास जबाबदारी मालकाचीच राहते. मी काम पाहत असलेल्या एका कंपनीत टीपीएने यादी तयार ठेवली होती, पण प्लॅनमध्ये शिल्लकच नव्हती. आणि खाते ज्याच्या ईमेलवर होते तो सेफ्टी मॅनेजर नोकरी सोडून गेला होता. तीन आठवडे दोन्हीकडचे लोक एकमेकांची वाट पाहत राहिले. म्हणून टीपीए नेमला तरी कंपनीच्या खात्यात दुसरी एक विश्वासाची व्यक्ती साहाय्यक म्हणून जोडून ठेवावी आणि महिन्यातून एकदा शिल्लक पाहावी.

माझी शिफारस स्पष्ट आहे. चालक तीसच्या आत असतील आणि कार्यालयात परवान्यांच्या छायाप्रती नीट लावणारे कोणी असेल, तर वार्षिक लिमिटेड क्वेरी स्वतःच करावी, कारण तिच्यातील चुका परवाना हाताशी असणाऱ्यालाच सापडतात. टीपीएला तुम्ही पाठवाल तीच यादी मिळते. मात्र नोकरीवर घेताना फुल क्वेरीसाठी चालकाने उघडलेले खाते चालू आहे ना, हे वर्षातून एकदा त्याला आत जाऊन पाहायला सांगावे. स्वतःची नोंद पाहण्यासाठी चालकाला काहीही शुल्क पडत नाही. सर्वांचीच वार्षिक तपासणी फुल क्वेरीने करण्याचा मार्ग मी फक्त अशा कंपनीला सुचवेन, जेथे चालक रोज संध्याकाळी डेपोत परततात. लांब पल्ल्याच्या चालकांसाठी दरवर्षी प्रत्येकाची संमती गोळा करणे म्हणजे स्वतःहून काम वाढवणे होय.

नोंदच चुकीची असेल, म्हणजे दुसऱ्याच माणसाचा परवाना क्रमांक जोडला गेला असेल किंवा तारीख चुकली असेल, तर कोणत्याही प्रकारची क्वेरी पुन्हा करून उपयोग नाही. तेथे चालकाने स्वतः डेटाक्यूज या प्रणालीतून दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. चाचणीचा निकाल मान्य नाही, हे कारण तेथे चालत नाही; नोंदीतील माहितीची अचूकताच तपासली जाते. निर्णयासाठी ४५ दिवसांची मुदत आहे, आणि चुकीच्या नोंदीमुळे काम थांबलेले असल्यास जलद सुनावणी मागता येते, तिची मुदत १४ दिवसांची आहे. १८ नोव्हेंबर २०२४ पासून मनाई असलेल्या चालकाचा सीडीएल राज्याकडून काढून घेतला जातो, त्यामुळे हा अर्ज लांबवू नये, आणि अर्जासोबत जोडण्याचे कागद शोधून देण्यासाठी कंपनीने त्याच दिवशी चालकासोबत बसावे.