झोपेची गोळी: मिरजेचा स्पेशालिस्ट की गावभागातले नेहमीचे डॉक्टर?

दोन्हीकडच्या चिठ्ठीवर गोळी खाऊन झालीय, म्हणून बोलतो. चिठ्ठीशिवाय ती घ्यायची नसते हे सांगायला नको. चिठ्ठी कुणाकडून आणायची, एवढाच प्रश्न.

आधी मी मिरजेचा रस्ता धरला. बेळगावापासून लोक तिथं येतात, आपल्याला तर सांगलीतून जायचं. डॉक्टर हुशार, त्याबद्दल तक्रार नाही. अल्प्राझोलाम पाव मिलिग्रॅम दिली आणि पहिला आठवडा राजासारखा झोपलो. पुढं परत डोळे टक्क उघडे, मग गोळी पाववरून वाढून अर्ध्या मिलिग्रॅमवर गेली.

मला खटकलं ते वेगळंच. दर महिन्याला आत नवा शिकाऊ डॉक्टर, आणि पहिला प्रश्न तोच: "काय त्रास होतोय?" की पुन्हा पहिल्यापासून पुराण लावायचं. दोन-दोन तास नंबर लागायची वाट बघायची आणि आतलं काम तीन मिनिटांत आटपायचं. झोप येत नाही म्हणून गेलेला माणूस तिथल्या बाकड्यावर घोरत पडलेला, हे आमच्या हिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. बरं, जुन्या चिठ्ठीवर मेडिकलवाला देईल म्हणावं, तर तेही नाही. मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, झोल्पिडेम या गोळ्या औषधविक्रीच्या कडक नियमांच्या एच-वन यादीत आहेत. दुकानदाराला डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव आणि किती गोळ्या दिल्या ते वेगळ्या रजिस्टरात लिहून तीन वर्षं जपावं लागतं. त्याचं बरोबरच आहे म्हणा.

एकदा मिरजेची खेप टाळायला म्हणून सांगलीतच, गावभागात आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "रात्री किती वेळा उठता?" म्हटलं, चार. "आणि बीपीची गोळी कधी घेता?" इथं मी सापडलो. त्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे आणि ती सकाळी घ्या असं त्यांनीच लिहून दिलं होतं. पण मार्केट यार्डात हळदीचा सौदा चालू असताना मला हलता येत नाही, म्हणून मी परस्पर ती रात्रीवर नेली होती. मी यार्डात असतो हे त्यांना ठाऊक, म्हणून हा प्रश्न सुचला. मिरजेत विचारायचे ते फक्त टेन्शनचं.

बीपीची गोळी सकाळवर आली. झोपेची मात्र एकदम बंद करू दिली नाही, कारण तसं केलं की झोप आणखी उडते. दर थोड्या दिवसांनी जरा जरा कमी करत दोन-अडीच महिन्यांत सोडवली. हे माप माझं, तुमचं वेगळं असेल.

आता मिरजेची बाजूही सांगतो. मन खचलं असेल, नको ते विचार येत असतील, तर तिकडंच जावं. वडिलांपासून ओळखणाऱ्या डॉक्टरांसमोर असलं बोलताना जीभ अडखळते, परक्यापुढं मोकळं होता येतं. घोरताना श्वास अडकत असेल तरीही तिकडंच. त्यात काही झोपेच्या गोळ्यांनी त्रास वाढतो. आणि ओळखीचे डॉक्टर कधी कधी फोनवरच "चालू ठेवा" म्हणतात, ते मला पटत नाही.

पण साठीच्या आसपासचे असाल, बीपी-शुगरच्या गोळ्या आधीच चालू असतील, तर मला वाटतं आधी नेहमीच्या डॉक्टरांचं दार ठोठवावं. जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या, काढ्याची बाटलीसुद्धा. आणि कुठली गोळी किती वाजता घेता ते खरं सांगा. मी सांगितलं नव्हतं.