बिनडंखाच्या माशीची गुणसूत्रं: गिम्सा, सी-बँडिंग की फिश?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला बिनडंखाच्या माश्यांची, म्हणजे डंख न मारणाऱ्या छोट्या मधमाश्यांची, गुणसूत्रं घ्यायचं ठरलं की पुढचा प्रश्न लगेच येतो, नुसती गिम्सा या रंगाने रंगवून मोजायची, सी-बँडिंग (घट्ट गुंडाळलेले भाग गडद रंगवायची पद्धत) करायचं की थेट फिशला (चमकणारा प्रोब, म्हणजे डीएनएचा तुकडा, चिकटवून एखादा भाग शोधायची पद्धत) हात घालायचा? मुंबईतल्या साध्या कॉलेज लॅबमध्ये एका सेमिस्टरात काय जमेल आणि त्यातून खरंच काय कळेल, एवढंच बघून लिहितेय. माझं मत आधीच सांगते, गिम्सा आणि त्याच्या जोडीला सी-बँडिंग.

गिम्सा सगळ्यात स्वस्त. कोल्चिसिन, सोडियम सायट्रेट, अल्कोहोल, अॅसिटिक अॅसिड आणि बऱ्यापैकी मायक्रोस्कोप, झालं. इमाई आणि सहकाऱ्यांची १९८८ची एअर-ड्राय (स्लाइड हवेत सुकवायची) पद्धत मुंग्यांवर बसवलेली, पण माश्यांनाही छान चालते. यातून आकडा मिळतो, ढोबळ आकार मिळतो. नर फलन न झालेल्या अंड्यातून येतो म्हणून त्याच्यात एकच संच, मादीत दोन. युरोपियन मधमाशीत १६ आणि ३२, बिनडंखाच्या माश्यांपैकी मेलिपोना या प्रजातीत (genus) बहुतेक ठिकाणी ९ आणि १८, पार्टामोना, स्कॅप्टोट्रायगोना यांच्यात १७ आणि ३४, फ्रीसिओमेलिटात १५ आणि ३०.

पण नुसत्या आकड्याच्या भरवशावर निष्कर्ष काढू नका, प्लीज. ९ आणि १७-१८ हे आकडे शेजारी ठेवले की दुप्पट झालंय असंच वाटतं ना? ब्राझीलच्या केर आणि सिल्व्हेरा यांनी १९७२मध्ये तसंच सुचवलं होतं, की अख्खा संच डबल झाला असावा. नंतर बँडिंग झाल्यावर चित्र बदललं. १७वाल्या कितीतरी जातींत गुणसूत्राची एक बाजू जवळपास पूर्ण हेटरोक्रोमॅटिनची (घट्ट गुंडाळलेला डीएनए) आणि दुसरी युक्रोमॅटिनची (सैल डीएनए) दिसते, म्हणजे गुणसूत्रं तुटली असावीत आणि तुटलेल्या टोकाला हेटरोक्रोमॅटिन वाढत गेलं असावं, हा इमाईंचा विचार तिथे जास्त बसतो. आणि हे गिम्साच्या स्लाइडवर दिसतच नाही!

म्हणून सी-बँडिंग. मेलिपोनाचंच बघा, आकडा तोच १८, पण बँडिंग केल्यावर जातींचे सरळ दोन गट पडतात, एकात हेटरोक्रोमॅटिन थोडंसं, दुसऱ्यात इतकं की युक्रोमॅटिन फक्त टोकांना उरतं. पार्टामोना हेलेरीत तर काही माश्यांमध्ये ३४च्या वर छोटी जादा बी गुणसूत्रं निघतात, नुसतं मोजणाऱ्याला वाटेल आपलंच मोजताना चुकलं, बँडिंगमध्ये ती गडद उठून दिसतात. खर्च म्हणाल तर हायड्रोक्लोरिक अॅसिड, बेरियम हायड्रॉक्साइड, एसएससी (मीठ-सायट्रेटचं द्रावण) आणि ६० डिग्रीचा वॉटर बाथ. त्रास एकच, बेरियममध्ये किती वेळ ठेवायचं हे प्रत्येक लॅबला स्वतः बसवावं लागतं, जास्त झालं की गुणसूत्रं फुगून भुतासारखी दिसतात, कमी झालं की सगळंच सारखं रंगतं, तेव्हा त्यासाठी जादा स्लाइड बाजूला ठेवाच.

फिश सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. १८एस आरडीएनए (रायबोसोमच्या आरएनएचं जनुक) कुठल्या जोडीवर आहे, एखादा मायक्रोसॅटेलाइट (पुन्हापुन्हा येणारा छोटा डीएनए तुकडा) कुठे पसरलाय, हे थेट डोळ्यांना दिसतं. पण फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप, योग्य फिल्टर, प्रोब, रात्रभर ३७ डिग्रीला हायब्रिडायझेशन, आणि एवढं करून मेटाफेज (पेशी विभागताना गुणसूत्रं नीट दिसतात ती अवस्था) खराब असेल तर हातात काहीच नाही. पीएचडी असेल, गाइडकडे सेटअप असेल आणि प्रश्न नेमका असेल तर घ्या, फक्त थीसिसमध्ये रंगीत फोटो हवेत म्हणून नको. मधला मार्ग हवा असेल तर डॅपी आणि सीएमए३ हे चमकणारे रंग, प्रोब लागत नाही आणि डीएनएतल्या एटी किंवा जीसी अक्षरांनी भरलेले भाग वेगळे दिसतात. आणि फक्त जात ओळखायची असेल तर गुणसूत्रांत पडूच नका, सीओआय बारकोडिंग (एका ठरावीक जनुकाच्या क्रमावरून जात ओळखणं) करा.

आता जे कुठलीही पद्धत घेतली तरी लागणार, ते म्हणजे प्रीप्यूपा, प्यूपा होण्याच्या बेतातली अळी. आपल्याकडे जुन्या भिंतीच्या फटीत, झाडाच्या ढोलीत टेट्रागोन्युला या बिनडंखाच्या माशीची पोळी सापडतात, बाहेर राळ-मेणाची छोटी नळी असते. भिंत फोडू नका, लाकडी पेटीत माश्या पाळणारं कोणी गाठा, आणि नॅशनल पार्कमधून काही घ्यायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी. या माश्या पोळ्यातल्या छोट्या खोलीत अन्न भरून, अंडं घालून ती बंदच करतात, त्यामुळे आत काय चाललंय दिसत नाही, पण अळीने कोश विणला की कामकरी वरचं मेण काढून नेतात आणि खोली फिकट दिसते. त्या फिकट खोल्यांतल्या, विष्ठा टाकून झालेल्या पण अजून प्यूपा न झालेल्या अळ्या घ्यायच्या, मेंदूचा गँग्लिऑन (मज्जापेशींचा गोळा) काढायचा, तिथे पेशी जोरात विभागत असतात. मोजक्याच घ्या आणि पेटी लगेच बंद करा, नाहीतर मुंग्या लागतात.

जुलै-ऑगस्टात मुंबईच्या दमट हवेत स्लाइड फार हळू सुकते, गुणसूत्रं इकडेतिकडे पांगतात आणि मोजणी दर पेशीला वेगळी येते. शक्य असेल तर स्लाइड थंडीत करा, किंवा रोज एकाच एसी खोलीत, एकाच सेटिंगवर. शिवाय त्याच पोळ्यातल्या चारदोन पूर्ण वाढ झालेल्या कामकरी माश्या अल्कोहोलमध्ये लेबल लावून ठेवा, टेट्रागोन्युलाच्या जाती एकमेकींसारख्या इतक्या दिसतात की पुढे कोणी नाव तपासायला मागितलं तर नुसत्या स्लाइडवरून सांगता येणार नाही.