दहा युनिटची बॅटरी घ्यायला गेलो, पाचची घेऊन आलो

छतावर तीन किलोवॅटचं सोलर असूनही लाइट गेली की आम्ही अंधारातच. आमच्या सोलरची वीज तारांत जाऊन लाइनमनला शॉक बसू नये म्हणून ऑनग्रिड (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला) इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. म्हणून चिपळूणच्या एका दुकानात गेलो, तेही दहा युनिटची लिथियम बॅटरी डोक्यात धरूनच. दुकानदार काकांनी आधी मीटरच्या नोंदी मागितल्या. संध्याकाळी सात ते सकाळी सात, आठ दिवस. फ्रिज, चार पंखे, दिवे, वायफाय मिळून जेमतेम अडीच-तीन युनिट!

"आषाढात पॅनल चार-पाच युनिट देतील, मग दहाची भरणार कशानं?" या प्रश्नावर मी गप्प.

पाच युनिटची घेतली, सोबत हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे लाइट गेली तरी सोलर-बॅटरीवर घर चालवणारा. विहिरीचा एक एचपीचा पंप मात्र त्यावर नाही. सुरू होताना तो कितीतरी पट करंट ओढतो, तिथे बॅटरी नव्हे, इन्व्हर्टर मोठा लागतो. बायको यावर अजून नाराज आहे.

फिटिंगला दोन दिवस जास्त गेले, वायरिंगही जरा ओबडधोबड. पण परवा रात्रभर लाइट नव्हती, पहाटे बॅटरीत चाळीस टक्के शिल्लक होती.