डोक्यावर टाके पडल्यानंतर केसांचा रंग: आठ महिन्यांचा अनुभव

मागच्या आठवड्यात या रंगाचं ऑपरेशननंतरचं तिसरं खोकं उघडलं. क्रीममध्ये कालवायच्या डेव्हलपरच्या बाटलीवर अजूनही मापाच्या रेघा नाहीत, म्हणून लिहायला बसले. रंग म्हणजे अमोनिया नसलेलं काळं क्रीम, ६० मिली ट्यूब आणि ६० मिली डेव्हलपर.

माझ्या डोक्यात मागे उजवीकडे सुपारीएवढी गाठ होती. फणी तिथेच अडायची. घरात सगळे तिला चरबीची गाठ म्हणायचे. सर्जननी सांगितलं, आत चरबी नसते, केस आणि नखं ज्याची बनतात ते केराटिन साठलेलं असतं. जागा बधिर करायचं इंजेक्शन, वीस-पंचवीस मिनिटं, चार टाके आणि त्याच दिवशी घरी. गाठ तपासायला पाठवली, रिपोर्ट चांगला आला.

पुढे बरेच दिवस रंग लावता येणार नाही म्हणून ऑपरेशनच्या दोन दिवस आधी लावून घेतला होता. दहाव्या दिवशी टाके काढायला गेले तर तीन सापडले, चौथा सापडेना. धागा काळा आणि केसही काळे. सिस्टर मोबाइलचा टॉर्च धरून चिमट्याने एकेक केस बाजूला करत होत्या. "मावशी, पांढरे असते तर चटकन दिसला असता," त्या म्हणाल्या. शेवटी ओल्या कापसाने पुसताना धाग्याचं टोक त्यांच्या बोटाला लागलं.

भादरलेल्या जागी महिन्याभरात सेंटीमीटरभर केस आले, सगळे पांढरेशुभ्र. चहूकडे काळे आणि मध्ये रुपयाएवढा पांढरा ठिपका. त्यात पुतणीचं लग्न तोंडावर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चार आठवडे तरी थांबा आणि खपली पूर्ण गेल्याशिवाय लावू नका. मी चार आठवडे मोजले, खपली कुणाला बघायला सांगितली नाही. रंग लावून पाच मिनिटं झाली नाहीत तोच एका टोकाला आग सुरू झाली. तसंच उठून डोकं धुतलं. दुसऱ्या दिवशी उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग होता, जखमेचं ते टोक पुन्हा ओलं झालं होतं. त्या रात्री एक स्टार देऊन 'हा रंग कुणीही घेऊ नका' असं लिहून ठेवलं होतं.

ते मत मागे घेते. डॉक्टर म्हणाले, "काकू, ही ॲलर्जी आहे की उघड्या जखमेची आग, ते आधी बघू." जखम भरल्यावर कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर रंग लावून दोन दिवस थांबले, कारण ही ॲलर्जी बहुतेक वेळा लगेच दिसत नाही, दिवसा-दोन दिवसांनी खाज सुटते. काही झालं नाही. पण अमोनिया नाही म्हणजे रंग सौम्य, ही माझी समजूत मात्र चुकीची होती. काळा रंग आणणारं पीपीडी यात आहेच, आणि त्याची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर सोडत नाही. जखमेबद्दल त्यांनी सांगितलेली गोष्ट मला आधी कळायला हवी होती: तिसऱ्या आठवड्यात वरून भरलेल्या जखमेत मूळ कातडीच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकीच ताकद असते. तीन महिन्यांनीही ती ८० टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते.

जाऊबाईंनी काळी मेंदी आणून दिली, नैसर्गिक म्हणून. नुसती मेंदी पांढऱ्या केसांवर केशरी-लाल येते, अर्ध्या तासात काळी होत नाही. पुडीच्या मागे बघितलं, तिथेही पीपीडी. परत दिली.

आता माझी खरी तक्रार. वण सोडून फक्त मुळांना लावायला मला एक तृतीयांश रंग पुरतो. ट्यूबला झाकण आहे, उरलेली टिकते. पण क्रीम आणि डेव्हलपर समान हवेत आणि बाटलीवर एकही रेघ नाही! अंदाजाने ओतलं तर एकदा मिश्रण पातळ होऊन कानामागून वणापर्यंत ओघळलं, एकदा घट्ट होऊन डोक्यावरच सुकलं. कालवलेलं ठेवता येत नाही, बंद केलं तर आत वायू साठतो. मग २६० रुपयांच्या खोक्यातले दोन भाग मोरीत ओतायचे का? कंपनीच्या ग्राहक सेवेला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा उत्तर एकच, "मॅडम, पूर्ण बाटली एकाच वेळी वापरा." तीन रेघा छापायला असा किती खर्च येतो?

शेवटी केमिस्टकडून सुई नसलेली २० मिलीची सिरिंज आणली, ट्यूबवर पेनाने तीन भाग पाडले. आता एक खोकं साडेतीन महिने जातं. लावण्याआधी मिस्टर टॉर्चने वण बघतात, मग मी त्यावर व्हॅसलीनचा जाड थर देते. कोपरावरची चाचणी दर वेळी करते, कागदावर तसंच छापलंय, फक्त अक्षर इतकं बारीक की चष्म्यावर भिंग धरावं लागतं. वणावर केस येत नाहीत, बोटाच्या पेराएवढी रेघ राहिली आहे, आजूबाजूचे केस ती झाकतात. रंग पाच आठवडे छान टिकतो, केस राठ होत नाहीत, त्यात खोट काढायला जागा नाही.

सिरिंज आणि पेनाच्या रेघांचा फोटो कंपनीला पाठवलाय. चार स्टार देते. नव्या खोक्यातल्या बाटलीवर रेघा आल्या की पाचवा.