९ मिलिमीटरवरचा डोंगर: छोट्या नॅरो गेज मॉडेल रेल्वे लेआउटचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, तपशील मागाहून. ९०० बाय ४५० मिमीच्या फळीवर, १:८७ प्रमाणात, दोन रुळांमध्ये ९ मिमी अंतर ठेवून बांधलेला हा लेआउट, म्हणजे रूळ, गाड्या आणि देखावा मिळून उभी केलेली छोटी रेल्वे, गेले काही महिने जवळपास रोज चालतोय. देखाव्याचं काम वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं आणि बरंचसं टिकलंही. गाडी नीट चालती ठेवणं मात्र चिवट काम निघालं, आणि त्यातला निम्माशिम्मा त्रास देखाव्यानेच दिलाय. लेआउटबद्दलचं बहुतेक लिखाण तो पूर्ण झाला त्या दिवशीच्या फोटोंपाशी थांबतं: खडी ताजी, गवत हिरवंगार, रूळ चकचकीत. त्यानंतर काय होतं, त्याची ही हकिगत.

हे प्रमाण नवीन असलेल्यांसाठी थोडक्यात. ९ मिमीला ८७ने गुणलं की ७८३ मिमी येतात, म्हणजे ७५० ते ७६२ मिमीच्या खऱ्या नॅरो गेजच्या, म्हणजे अरुंद मार्गाच्या रेल्वेच्या, अगदी जवळ. युरोपात याला एचओई म्हणतात. ब्रिटनमध्ये हेच ९ मिमीचे रूळ १:७६ प्रमाणाला लावतात आणि त्याला ओओ९ म्हणतात. युक्ती अशी की एन गेजची (९ मिमीच्याच रुळांवर धावणाऱ्या, पण आणखी लहान प्रमाणाच्या मॉडेल गाड्यांची) चाकं, मोटर आणि चॅसिस उसनी घ्यायची आणि त्यावर एचओच्या, म्हणजे १:८७च्या मापाची माणसं, घरं, झाडं उभी करायची. एगर-बान या जर्मन कंपनीने १९६३ साली हीच वाट धरून तयार गाड्या बाजारात आणल्या होत्या. ती कंपनी फार टिकली नाही, पण वाट टिकली. ओओ९च्या हौशींची ब्रिटनमधली ००९ सोसायटी १९७३पासून आहे.

जागा कमी म्हणून नॅरो गेज, हे कारण सगळेच देतात. माझ्या लेखी खरं कारण वळणांचं आहे. मोठ्या मार्गाची एक्स्प्रेस १८० मिमी त्रिज्येच्या वळणावर फिरवली तर ती हास्यास्पद दिसते. डोंगरातली नॅरो गेज मात्र मुळातच तशी धावते. १८८१ साली सुरू झालेला दार्जिलिंगचा ६१० मिमीचा मार्ग बघा. डोंगर पोखरायचा सोडून तो स्वतःभोवती वळसे घेत आणि झेड आकारात पुढे-मागे होत चढतो. त्यामुळे इथे आवळलेलं वळण तडजोड वाटत नाही, स्वभाव वाटतो. हिशेब मात्र पक्का हवा. सगळ्यात लांब डब्याच्या तिप्पट त्रिज्या असली तर गाडी भरवशाने वळते, पाचपट असली तर दिसायलाही बरी दिसते. माझे डबे ६० मिमीच्या आत आहेत, म्हणून १८० मिमी चाललं. सुंदर पण ८५ मिमी लांब बोगी डबा घ्यायचा मोह मी याच आकड्याकडे बघून आवरला.

दुसरा हिशेब चढाचा, आणि छोट्या फळीवर तो निष्ठुर आहे. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर मधे साधारण ५० मिमी उंची लागते. ३ टक्के चढाने तेवढं वर जायला १६५० मिमीहून जास्त लांबी हवी, आणि १८० मिमी त्रिज्येचं अख्खं वर्तुळ त्याहून लहान. शिवाय छोटं इंजिन वळणावर आणि चढावर एकदमच दमतं. यावर उपाय असा की रूळ सपाट ठेवायचा आणि जमीन वर-खाली करायची. फोमचे थर आधीच जाड धरले, समोरच्या बाजूला ते कोरून रुळाखाली ७० मिमी खोल घळ काढली आणि तिच्यावर पूल टाकला. गाडी एक मिलिमीटरही चढत नाही, पण बघणाऱ्याला घाट चढल्यासारखी वाटते. पूर्ण लेआउटमधला हा निर्णय मला सगळ्यात फळला.

आता रूळ. पेको या कंपनीचा ओओ९ फ्लेक्सिबल (हवा तसा वाकवता येणारा) ट्रॅक वापरला, ज्यातले स्लीपर मुद्दाम वेडेवाकडे आहेत. एन गेजचा साधा रूळही चालतो, मात्र त्याचे स्लीपर बारीक आणि दाट असल्यामुळे ते मातीत बुजवावे लागतात. मागच्या, न दिसणाऱ्या भागात मी तेच केलंय. हे रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. त्यात चांदीचा कणही नसतो. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. उष्णतेने रूळ फुगतो म्हणून फटी ठेवा, असं वाचायला मिळतं, पण ९०० मिमी लांबीवर २० अंशांच्या फरकाने वाढ होते जेमतेम ०.३ मिमी. खरा खोडकर असतो लाकडी पाया. हवा दमट झाली की लाकूड फुगतं आणि कोरडी झाली की आकसतं. प्लायला खालून-वरून आणि कडांनाही वॉर्निश मारून घ्या. माझा पाया त्यामुळे सरळ राहिलाय.

रुळांचे तुकडे जोडणाऱ्या फिशप्लेटवर विजेसाठी भरवसा ठेवू नका, हा सल्ला जुना आहे आणि महिनोन्‌महिने वापरल्यावर तो का देतात ते पटतं. खडी चिकटवताना गोंदाचं पाणी त्या सांध्यांत झिरपतं, रुळाच्या बाजूंना लावलेला गंजाचा रंग आत शिरतो, धातूवर ऑक्साइडचा थर चढतो. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. मग एका टोकाला गाडी हळूहळू मलूल होत जाते. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार सोल्डर केलेली असल्यामुळे माझ्याकडे हा प्रश्न आलाच नाही. कंटाळवाणं काम आहे. टाळू नका.

घोडं पेंड खातं ते पॉइंटवर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या सांध्यावर. चारच चाकांचं इंजिन, अॅक्सलमधलं अंतर वीस मिमीच्या आसपास. पॉइंटचा फ्रॉग (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) प्लॅस्टिकचा असेल तर एका बाजूचं चाक तेवढ्यापुरतं विजेविना राहतं. दुसऱ्या चाकाखाली धुळीचा कण आला की इंजिन जागच्या जागी ठप्प. वेगात ते निघून जातं, हळू चालवताना अडतं, आणि नॅरो गेजची सगळी गंमत हळू चालवण्यातच आहे. ताशी १५ किमीचा वेग १:८७ प्रमाणात सेकंदाला ४.८ सेंमीहून कमी भरतो. म्हणजे ९०० मिमीची फळी ओलांडायला एकोणीस सेकंद. त्या वेगाला प्लॅस्टिकचा फ्रॉग परवडत नाही. धातूचा, वीज खेळणारा फ्रॉगच घ्या. त्याची ध्रुवता पॉइंटबरोबर बदलावी लागते, फ्रॉगच्या पुढच्या रुळांत इन्सुलेटेड जोड घालावे लागतात, पण त्यासाठी महागडी मोटर नको. फळीच्या कडेला साधा सरकता स्विच, त्याच्या दांड्याला पोलादी तार, तीच तार पॉइंटची जीभ सरकवते आणि तोच स्विच फ्रॉगची वीज पालटतो. इतक्या महिन्यांत या व्यवस्थेने एकदाही दगा दिलेला नाही. हाताने सांधा बदलण्यात सांधेवाल्याची ऐट आहे ती वेगळीच.

इंजिनं दोन आहेत. एक काटो या कंपनीच्या पॉकेट लाइन नावाच्या छोट्या गाड्यांच्या चालत्या चॅसिसवर थ्रीडी प्रिंट केलेलं आवरण बसवून केलेलं. हे आवरण पिसासारखं हलकं असतं, आणि हलकं इंजिन म्हणजे रुळाशी सैल संपर्क. आत मिळेल त्या पोकळीत टंगस्टन पुट्टी ठासली, तेव्हा ओढ आणि वीज दोन्ही सुधारल्या. दुसरं इंजिन तयार घेतलेलं, दिसायला देखणं. त्याच्या चाकांना टेकणाऱ्या पितळी पट्ट्या पहिल्या काही आठवड्यांतच ढिल्या पडल्या आणि विक्रेत्याने हात वर केले. पट्ट्या फॉस्फर ब्राँझच्या पातळ पत्र्यातून कापून बदलल्यावर ते पहिल्यापेक्षा गोड चालायला लागलं. छोटं इंजिन घेताना आधी खालून उलटं करून बघा. किती चाकं वीज उचलतात, ते वरच्या रंगकामापेक्षा महत्त्वाचं.

कंट्रोलर साधा डीसी, १२ व्होल्टचा. डीसीसी, म्हणजे इंजिनात डीकोडर नावाची चिप बसवून चालणारं डिजिटल नियंत्रण, घ्यावं का? एकाच वेळी एकच इंजिन चालणार असेल तर फरक पडतो तो एका कारणाने: डीकोडरला जोडायचा कपॅसिटर इंजिनाला क्षणभर विजेविना तगवून नेतो. मात्र एवढ्याशा बॉयलरमध्ये डीकोडर आणि कपॅसिटर कोंबणं ही स्वतंत्र कसरत आहे, आणि ती जागा मला वजनासाठी हवी होती. कोरलेस मोटर असलेलं इंजिन असेल तर कमी फ्रीक्वेन्सीच्या पल्स (तुटक ठोक्यांत वीज देणाऱ्या) कंट्रोलरवर ते चालवू नका, मोटर तापते.

देखाव्याकडे येतो. डोंगर एक्सट्रुडेड पॉलिस्टायरीन फोमचे, वर प्लास्टरच्या पट्ट्या. फोमचे थर फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाने चिकटवले तर मधोमध हवा पोचत नाही आणि गोंद कित्येक दिवस ओलाच राहतो. म्हणून मधे काड्या खोचून, वर वजन ठेवून सोडून द्यावं. सॉल्व्हंटचा गोंद किंवा स्प्रे पेंट फोमला खातो. कडांचे खडक प्लास्टरचे, साच्यातून काढलेले. त्यांवर पातळ काळसर पाणी सोडलं की भेगा आपोआप उठून दिसतात. हे सगळं पहिल्या दिवसासारखंच आहे.

खडीबद्दल जरा विस्ताराने. नॅरो गेजला मोठी धारदार खडी शोभत नाही; बारीक, मातकट, राखेची झाक असलेली हवी. बाजारातली काही तयार खडी म्हणजे अक्रोडाच्या टरफलांचा भुगा असतो, गोंदाचं पाणी सोडलं की तो तरंगतो. दगडाची भुकटी जागेवर बसते. नैसर्गिक वाळू वापरणार असाल तर त्यावरून आधी लोहचुंबक फिरवा. काळे लोहकण निघतील. ते राहिले तर पुढे इंजिनातलं चुंबक त्यांना ओढून घेतं. पांढरा गोंद आणि पाणी समसमान, त्याआधी आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा फवारा, म्हणजे पाणी थेंबाथेंबाने न थांबता आत मुरतं. इथपर्यंत सगळे सांगतात. वापरानंतर कळलेली गोष्ट ही की हा गोंद वाळून दगडासारखा कडक होतो आणि गाडीचा आवाज वाढतो, कारण कंप थेट फोममध्ये उतरतो आणि फोम डफासारखा वाजतो. स्टेशनच्या भागात मॅट मीडियम, म्हणजे अॅक्रिलिक रंगात मिसळायचं बिनचकाकीचं द्रव्य, गोंदाऐवजी वापरलंय. ते थोडं लवचीक राहतं आणि तिथे गाडी स्पष्टपणे शांत चालते. पुन्हा करायची वेळ आली तर सगळीकडे तेच वापरीन.

स्टॅटिक ग्रासने लेआउटला जीव आणला यात वाद नाही. नायलॉनचे धागे विजेच्या भाराने उभे राहतात आणि गोंदात रोवले जातात. मापाचं भान ठेवा: २ मिमीचा धागा १:८७मध्ये सतरा सेंमीचं गवत होतो, ६ मिमीचा अर्ध्या मीटरहून उंच. रुळाजवळ २, उतारावर ४, आणि ६ फक्त घळीच्या तळाशी. पण हेच धागे नंतर महिनाभर सुटत राहिले. एखादा इंजिनाच्या गिअरमध्ये जातो आणि अॅक्सलला गुंडाळला जातो. व्हॅक्यूमच्या तोंडाला पातळ मोजा ताणून लावला की सुटे धागे त्यात अडकतात, परत वापरता येतात. हे गोंद वाळल्यावर एकदाच करून भागत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा करावं लागतं.

रंग उडण्याचं सांगायचं तर, खिडकीकडच्या कडेची स्पंजच्या चुऱ्याची पानं फिकी पडलीयत, आतल्या बाजूची जशीच्या तशी आहेत. खिडकीला पडदा लावल्यावर फिकं पडण्याचा वेग मंदावला. घळीतलं पाणी दोन घटकांच्या रेझिनचं; पातळ थरांत ओतूनही ते काठाच्या दगडांवर थोडं चढलं आणि तिथे ओलसर चकाकी राहिली, तिच्यावर मॅट वॉर्निशचा हात मारला. रेझिन ऊन लागलं की पिवळं पडतं, म्हणून ती बाजू सावलीत आहे. झाडं पुढे मोठी आणि मागे छोटी लावली, देखाव्यामागचा आकाशाचा पडदा निव्वळ फिकट निळसर करडा ठेवला. त्यावर डोंगर रंगवायचा आग्रह अनेकांनी केला, मी नाही म्हटलं. ४५० मिमी खोलीच्या देखाव्यामागे तपशीलवार चित्र आलं की नजर त्यावर आपटते.

देखभाल म्हणाल तर रोजचं एकच काम, रूळ पुसणं. खरखरीत रबर झटपट चकाकी आणतं, पण बारीक ओरखडे पाडतं आणि त्या ओरखड्यांत मळ साठतो. मी आयसोप्रोपाइल आणि सुती कापडावर आहे. रूळ पुसून इंजिनाची चाकं तशीच सोडली तर काहीच साधत नाही, काळा थर चाकंच परत रुळावर पसरवतात. बोगद्याच्या मागची बाजू पूर्ण उघडी ठेवली आहे, हात आत जातो. बोगदा बांधणाऱ्या प्रत्येकाला माझा हाच पहिला प्रश्न असेल: डबा आत घसरला तर हात कुठून घालणार?

कोणासाठी? ज्याला गाड्यांचा मोठा ताफा फिरवायचाय, त्याने या वाटेला जाऊ नये. तीन वाघिणी आणि एक डबा यावर इथला खेळ संपतो. शंटिंग, म्हणजे डबे पुढे-मागे करून हव्या जागी लावणं, आवडत असेल, एका वाघिणीला मालधक्क्याला लावायला पाच मिनिटं घालवण्यात मजा येत असेल, तर ९ मिमीइतकं समाधान मोठ्या लेआउटमध्येही मिळणार नाही. आता डाव्या बाजूला गाड्या पालटण्यासाठी ३०० मिमीचं न दिसणारं यार्ड जोडायचं आहे. रूळ कडेपर्यंत आधीच नेलाय, तारांचा प्लगही बसवलाय, त्यामुळे डोंगराला हात लावावा लागणार नाही.