इंजिनचं काम केलं म्हणाला, चेंबरचा बोल्टसुद्धा हलला नव्हता

गाडी ऑइल खाते म्हणून इंजिन खोलायला निघाला असाल तर थोडं थांबा आणि हे वाचा. माझे ३८ हजार असेच गेले. दारव्हा-दिग्रस भागात हा किस्सा सांगितला की ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणतो, "माह्यासंग बी असंच झालं." म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी पेट्रोलची, तीन सिलेंडरची, लाखभर किलोमीटर चाललेली. माझं कृषी केंद्र आहे. यवतमाळहून माल आणायचा, खेड्यापाड्यांत उधारी वसूल करायची, अन् पावसाळ्यात पांदण रस्त्यानं वावरापर्यंत जायचं. त्यामुळे गाडीच्या पोटाखाली काळी माती थापली जाऊन वाळलेली असते. ही माती ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

तक्रार एवढीच होती की सकाळी चावी फिरवली की सायलेन्सरमधून निळसर धूर निघायचा आणि मिनिटभरात बंद व्हायचा. दोन सर्व्हिसच्या मध्येच डिपस्टिकवरचं ऑइल खालच्या खुणेखाली जायचं. गाडी उभी असते तिथं जमिनीवर थेंबही नाही. म्हणजे ऑइल गळत नव्हतं, आत जळत होतं.

तालुक्याच्या गावात ज्याचं चांगलं नाव आहे अशा गॅरेजवर गाडी नेली. त्यानं दोनदा रेस दिली, सायलेन्सरमागे हात धरला, हुंगला आणि निकाल दिला, "भाऊ, रिंगा गेल्या. हाफ इंजिन करा लागते. आज नाही केलं तर उद्या ब्लॉकच जाईन." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची कडी, ती ऑइल वर जाऊ देत नाहीत; हाफ इंजिन म्हणजे इंजिन खोलून रिंगा-पिस्टन बदलणं. सिलेंडरमधला दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज लावलं नाही, प्लगही काढून पाहिला नाही. रिंग-पिस्टन, बेअरिंग, बोअर (सिलेंडर आतून घासून थोडं मोठं करणं), गॅस्केट किट, मजुरी असं सगळं धरून ३८ हजार सांगितले. बिलाचं विचारलं तर म्हणे, "पक्कं बिल पाह्यजे असन तर अठरा टक्के वर द्या लागतीन." पैसे दोन हप्त्यांत यूपीआयनं दिले. मधे व्हॉट्सअॅपवर खोललेल्या इंजिनचा फोटो आला, "काम चालू आहे भाऊ" असं लिहिलेला.

गाडी परत आली तेव्हा धूर गायब, आवाज मऊ. वरून एका पन्नीत जुन्या रिंगाही दिल्या, "घरी ठेवा, पुरावा." आणि निघताना एक वाक्य सोडलं, "रिंगा सेट व्हाले टाइम लागते. हजार-दीड हजार किलोमीटर थोडंबहुत ऑइल खाईन, घाबरू नका." या वाक्याची गंमत अशी की ते खोटं नाही. नव्या रिंगा सिलेंडरच्या भिंतीशी घासून नीट बसेपर्यंत थोडं ऑइल खरंच जळतं. पण खरं काम करणारा मिस्त्री त्याच्याच पुढे सांगतो की सुरुवातीला गाडी ताणू नका आणि हजार किलोमीटरला ऑइल-फिल्टर बदलायला या. यानं ते सांगितलंच नाही. त्याला तेवढी मुदत फक्त तक्रार लांबवायला हवी होती.

ऊन तापायला लागलं तसा धूर परत आला. पिकअप जड झाला, सकाळी टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा, टकटक आवाज येऊ लागला. पुन्हा गेलो तर म्हणाला, "खालचं काम ओके आहे, आता हेड करावं लागन," आणि १२ हजार मागितले. हेड म्हणजे इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग.

गाडी तशीच गावात आणली. आमच्याकडे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले एक काकाजी आहेत. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "धूर कवा येते? सकाळी चालू करताना, का चढावर रेस देल्यावर?"

या एका प्रश्नात निम्मं निदान असतं. रिंगा झिजल्या असतील तर जोर दिल्यावर, चढावर, सतत धूर येतो. सकाळी पहिल्यांदा येऊन बंद होत असेल तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. ते रबरी सील कडक झालं की रात्रभरात ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून झिरपून खाली सिलेंडरमध्ये उतरतं आणि सकाळी एकदम जळतं. पुसदकडचा घाट अॅक्सिलरेटर सोडून उतरलात आणि खाली पाय देताच निळा भपका आला, तरी बोट त्याच सीलकडे जातं. धूर काळा असेल तर पेट्रोल जास्त जळतंय. पांढरा दाट धूर येतच राहत असेल तर कूलंट आत शिरतंय. त्या दोन्हींत रिंगांचा विषय काढणाऱ्याला हात जोडायचे.

मग काकाजी गाडीखाली गेले आणि तिथूनच हसले. पिस्टन बाहेर काढायचा तर हेड उतरवावं लागतं आणि खालचं ऑइल चेंबर, म्हणजे ऑइल साठतं ते भांडंही खोलावं लागतं, कारण कनेक्टिंग रॉडचे बोल्ट खालून सुटतात. माझ्या चेंबरच्या बोल्टांवर मागच्या पावसाळ्याची काळी माती ऑइलमध्ये भिजून डांबरासारखी बसली होती. एकाही बोल्टावर पान्याची खूण नाही. वर हेड आणि ब्लॉकच्या मधल्या गॅस्केटची कडा जुनीच. फोटो दाखवला तर त्यांनी मोजायला लावलं. त्यात ब्लॉकला चार भोकं होती! माझी गाडी तीन सिलेंडरची. पन्नीतल्या रिंगा कोणत्या गाडीच्या होत्या देव जाणे, ऑइल रिंगचे सेटही चार निघाले.

मग इतके दिवस धूर बंद कसा होता? कंपनीनं या इंजिनला ५डब्ल्यू-३० सारखं पातळ ऑइल सांगितलंय. गॅरेजवाल्यानं ते काढून २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल भरलं असावं, आणि त्यात ती घट्ट मधासारखी अॅडिटिव्हची बाटली. काकाजींनी डिपस्टिकवरचं ऑइल बोटांत घेऊन दाखवलं, तार सुटत होती. जाड ऑइल सीलमधून कमी झिरपतं, टॅपेटचा आवाज दबतो, गाडी नवी वाटते. उन्हाळ्यात, ४४-४५ अंशांत, तेही सैल पडतं. शिवाय पातळ ऑइलसाठी केलेल्या बारीक वाटांतून थंड इंजिनला ते लवकर वर चढत नाही, म्हणून सकाळची टकटक. जुनी गाडी विकत घेतानाही हीच युक्ती वापरतात. गाडी आधीच गरम करून उभी ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, परत पाहायला जा.

काकाजींनी ओळखीतून कॉम्प्रेशन गेज आणलं. तिन्ही सिलेंडरचे आकडे जवळपास सारखे आले. मग प्रत्येकात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असत्या तर त्या ऑइलनं फट भरून आकडा चांगलाच वाढला असता. तो जागचा हलला नाही. मधला प्लग मात्र ऑइलनं काळा ओला. मग पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर नेणारी झडप, काढून कानाशी हलवला, चांगला असता तर आतून खडखडला असता, हा मुका. तो उघडा अडकला की इंजिनच्या पोटातली ऑइलची वाफ सरळ इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा घेतं त्या वाटेत, ओढली जाते.

व्हॉल्व्ह सील हेड न उतरवताही बदलता येतात. सिलेंडरमध्ये हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरून ठेवतात. सील, पीसीव्ही, व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, योग्य ग्रेडचं ऑइल, फिल्टर आणि मजुरी मिळून खर्च साडेचार हजारांच्या आत. रिंगांचं काम लागलंच नाही.

कोणी हाफ इंजिन सांगितलं तर आधी कॉम्प्रेशनचे आकडे कागदावर मागा. इंजिन खोलल्यावर स्वतः जाऊन पाहा, फोटोवर भागवू नका. गाडी गॅरेजवर सोडण्याआधी चेंबरच्या आणि हेडच्या एकेका बोल्टावर नेलपेंटचा ठिपका लावून ठेवा, बोल्ट फिरला की ठिपका तुटतो. बोअर केलं म्हणत असेल तर ब्लॉक बोअरिंग मशीनवर गेलाच असणार, त्या दुकानाची पावती मागा. नव्या पिस्टनचे खोके पाहा. ओव्हरसाइज पिस्टनवर बहुधा .२५ किंवा .५० असा आकडा कोरलेला असतो, तो जुळवा. अन् हे सगळं चालू असताना डिपस्टिक रोज पाहा, सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब गेल्याचं सांगतो. तो पेटला की गाडी तिथंच बंद करायची, पुढच्या गावापर्यंतही न्यायची नाही.

काकाजींना घेऊन गॅरेजवर गेलो. आधी आवाज चढला, मग फोटोतली भोकं मोजून दाखवल्यावर "पोट्ट्यानं गडबड केली असन" वर आला आणि १५ हजार परत केले. बाकीचं "दिवाळीनंतर" म्हणाला. ती वाट पाहायची नाही असं ठरवून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पक्कं बिल नव्हतं, पण यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सअॅपचे मेसेज, तो चार भोकांचा फोटो आणि न हललेल्या बोल्टांचा व्हिडिओ होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. वकिलाकडून नोटीस गेली आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.